झोपाळा सिनेमात गेला: बडोदे-हालोलचे चार दिवस

बडोद्याला जायचं निमित्त विचाराल तर दोन होती, पोंक आणि भाची. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडा, फक्त तिकडे त्यावर लिंबू-मिरीची शेव पडते. भाची म्हणजे माझ्या आतेबहिणीची लेक. एम. एस. युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्समधून शिकली आणि सध्या एका गुजराती चित्रपटाच्या आर्ट डिपार्टमेंटला सहायक आहे. “मावशी, जानेवारीत चांपानेरजवळ शेड्यूल आहे. यायचंय तर आत्ताच ये, नंतर मी कुठे असेन मलाच ठाऊक नाही,” असा तिचा फोन आला आणि मी बॅग भरली.

सिनेमाचं मला तसं वेड नाही. पण आजोबा कोल्हापूरला स्टुडिओत सुतारकाम करायचे. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली, हे पुस्तकात वाचायला मिळतं. आजोबांच्या तोंडून ते वेगळं ऐकलंय. “नट जाऊ द्यात गं, ते कुठंबी पोट भरत्यात. खिळंवाल्याला इच्यार, रंगवाल्याला इच्यार.” सिनेमा म्हटलं की मला पडदा नाही, खिळे आठवतात ते त्यामुळे.

दिवस पहिला: रिकाम्या कड्या

बोरिवलीहून रात्रीची गाडी पकडली, पहाटे बडोदे. ठाण्यात पंखा लावून झोपणाऱ्या माणसाला तिथली थंडी चांगलीच बोचते. स्टेशनबाहेर रिक्षावाले शालीतून नुसते डोळे काढून बसले होते. दांडिया बाजारातलं आत्याचं जुनं घर, लाकडी जिना, दिवाणखाना. आणि दिवाणखान्याच्या तुळईला चार पितळी कड्या नुसत्याच लोंबत होत्या.

“झोपाळा कुठे गेला गं?”

“सिनेमात,” बहीण म्हणाली. आवाजावरून कळलं की हा विषय घरात आधीच तापलाय. संखेड्याचा झोपाळा, लाखेच्या रंगाचा, आत्याच्या लग्नात आलेला. लेकीने ‘आई, फक्त दहा दिवस’ म्हणून टेम्पोत घालून नेला होता. भाडं काय ठरलं विचारलं, तर पेढ्यांचा पुडा.

आंघोळ उरकून शेवउसळ खायला बाहेर पडलो. बडोद्याची शेवउसळ ही आपल्या मिसळीची गुजरातेत नांदायला गेलेली बहीण. वाटाण्याची उसळ, वर लाल तर्री, लसणाची चटणी, पातीचा कांदा आणि मूठभर शेव. शेव मऊ पडायच्या आत खायची, हा तिथला अलिखित नियम. तर्री वेगळी मागता येते आणि पुन्हा पुन्हा मिळते, पण पहिल्याच घासाला शौर्य दाखवू नका. उशिरा गेलात तर तळाची उसळ मिळते, म्हणून सकाळीच गाठा. राजमहाल बघायचा असेल तर सोमवार टाळा, तो बंद असतो.

दुपारी एकटीच चालत कलाभवनाकडे गेले. सयाजीरावांनी १८९० मध्ये ही संस्था काढली. आता तिथे युनिव्हर्सिटीची इंजिनिअरिंगची फॅकल्टी आहे, त्यामुळे फाटकावर कारण सांगावं लागतं. “दादासाहेब फाळके इथे शिकले होते ना, म्हणून बघायचंय,” असं मी म्हटलं. वॉचमनकाकांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि मराठीतच म्हणाले, “बघा, पण वर्गात जाऊ नका. परीक्षा चालू आहे.” बडोद्याची हीच गंमत आहे. कोण कधी मराठीत बोलेल सांगता येत नाही.

फाळके इथे चित्रकला, फोटोग्राफी शिकले, पुढे गोध्र्यात फोटोग्राफीचा व्यवसाय केला. आपण त्यांना नाशिकचे, मुंबईचे धरतो, पण कॅमेऱ्याशी त्यांची सोयरीक जमली ती या परिसरात. आवारातल्या लिंबाखाली बसल्यावर मला मात्र १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चा स्वयंपाक आठवला. सगळ्या मंडळींचं जेवण फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई रांधत. आणि तारामती झालेले अण्णा साळुंके मुंबईतल्या एका हॉटेलात स्वयंपाकघरात कामाला होते. आपल्या पहिल्या नायिकेची नोकरी भटारखान्यातली! पडद्यावरच्या माणसांपेक्षा मागची चूल आधी पेटते, हे तेव्हापासूनच ठरलेलं दिसतं.

संध्याकाळी पोंक. गरम, कोवळा, वर शेव आणि साखरेचे दाणे. दोन प्लेट.

दिवस दुसरा: पत्र्याच्या पेट्या

भाची सेटवरून रात्री घरी आली होती आणि सकाळी तिला कपडेवाल्यांकडे जायचं होतं. वाटेत पाच मिनिटं तांबेकर वाड्यात डोकावलो. भिंतींवरची एकोणिसाव्या शतकातली चित्रं पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत. तिने तिथूनच कुठलासा गेरूचा रंग मोबाइलवर टिपून घेतला, सेटच्या दरवाजासाठी.

कपडेवाल्यांचं दुकान शहराच्या जुन्या भागात, एका बोळात. दुकान कसलं, खाली शिलाई मशीन, वर माळा आणि माळ्यावर पत्र्याच्या पेट्या. पेट्यांवर खडूने लिहिलेलं: ‘मावळे २४’, ‘शंकर पूर्ण’, ‘केडियुं लाल’, ‘इंग्रज, टोप्या नाहीत’. (केडियुं म्हणजे गरब्याला घालतात तो झालरीचा आखूड अंगरखा.) मालक सत्तरीचे, मराठी. त्यांच्या आजोबांनी मराठी नाटक मंडळ्यांचे कपडे शिवले, वडिलांनी गुजराती सिनेमाचे आणि हे दोन्हींवर बसलेले.

“काका, धंदा कशावर चालतो?”

“नवरात्रावर,” ते पटकन म्हणाले. “मग डिसेंबरची शाळांची गॅदरिंगं. शूटिंग हा तिसरा सीझन. तो जावयासारखा. येतो तेव्हा चैन असते, किती दिवस राहील सांगवत नाही आणि हिशेब मागायची चोरी.”

भाची हसली, पण मग काका हिशेबच सांगत बसले आणि मी वही काढली. नवरात्रात एक केडियुं नऊ रात्रींत नऊ गिऱ्हाइकांना जातं, रात्रीचा दर वेगळा. शूटिंगला तोच कपडा वीस-वीस दिवस अडकून पडतो. कारण पात्राने एका दृश्यात तो घातला की कंटिन्युइटीसाठी शेवटपर्यंत तोच लागतो. म्हणजे एकगठ्ठा भाडं मिळतं, पण रोजचं गिऱ्हाईक परत पाठवावं लागतं. फायदा खरा होतो तो ‘डबल’मध्ये. नायक चिखलात पडणार असेल तर एकाच कपड्याचे तीन नग लागतात, एक स्वच्छ, एक मळका, एक फाटका. ते भाड्याने मिळत नाहीत, शिवावे लागतात. मग काका वाडी भागातल्या चार-पाच बायकांना काम वाटतात. आभळे, म्हणजे आरसे लावणारी एक, काजं-बटणं करणारी दुसरी.

“आणि मळवतं कोण?” मी विचारलं.

“आमचा पोरगा. चहाच्या पाण्यात उकळतो, मग पायरीवर घासतो. त्याचे वेगळे पैसे.”

नवे कपडे जुने करण्याची मजुरी! मला ही गोष्ट फार आवडली.

एक जुनं दुखणंही निघालं. काही वर्षांपूर्वी कुठल्याशा युनिटने चाळीस केडियुं नेली आणि सदतीस परत दिली, तीही सिनेमाच्या रक्ताने माखलेली. ते रक्त धुतल्याने जात नाही. उरलेलं बिल मागायला फोन केला की मॅनेजर बदललेला. तेव्हापासून काका अनामत घेतात आणि पेटी उघडायच्या आधी फोटो काढतात. “सरकार अनुदान प्रोड्यूसरला देतं, ते बरोबरच आहे,” ते म्हणाले. “पण त्या फॉर्मात एक रकाना पाहिजे होता. कपडेवाल्याचे दिले का, जेवणवाल्याचे दिले का.”

मला वाटतं, चार दिवसांत ऐकलेली सगळ्यात शहाणी सूचना हीच.

तुम्हाला बडोद्यात नवरात्रासाठी कपडे भाड्याने हवे असतील तर ऐन नवरात्रात जाऊ नका, महिनाभर आधी जा. आणि नेताना आरसे मोजून घ्या, परत देताना ते मोजतात.

दिवस तिसरा: मावठं

पहाटे साडेचारला टेम्पो आला. मागे दोन पेट्या, एक पितळी घंगाळ, मातीचे माठ, पुढे ड्रायव्हर, भाची आणि मी. हालोल बडोद्याहून चाळीसेक किलोमीटर, चांपानेर त्याच्या थोडं पुढे. तुम्ही फिरायला म्हणून जाणार असाल तर टेम्पोची गरज नाही. बडोद्याच्या स्टेशनशेजारच्या मुख्य बसस्थानकातून एस.टी. मिळते. चांपानेर-पावागड २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे, जामी मशिदीला निवांत दोन तास ठेवा आणि पावागडावर रविवारी जाऊ नका.

शूटिंग वारसास्थळाच्या हद्दीबाहेर, एका वस्तीलगतच्या मोकळ्या रानात होतं. संरक्षित वास्तूत कॅमेरा लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आणि फी, म्हणून पावागड नुसता मागे दिसेल अशी जागा धरली होती. प्लायवूडवर माती लिंपून केलेली तीन घरं. पुढून घर, मागून टेकू आणि खिळे. मी मागच्या बाजूला जाऊन खिळ्यांवरून हात फिरवला. आणि मधल्या घराच्या ओसरीत आमचा झोपाळा!

एका भिंतीवर घोडे रंगवलेले होते. ते काम छोटा उदेपूरकडच्या एका राठवा आदिवासी चित्रकाराचं. भाचीने त्यांना पिठोरा, म्हणजे त्यांच्याकडचं देवाचं भित्तिचित्र, मागितला होता. ते नाही म्हणाले. पिठोरा नवसाचा असतो, बडव्याला, म्हणजे त्यांच्या पुजाऱ्याला बोलावून, विधी करून तो घरात ‘लिहितात’. चित्र काढलं असं म्हणत नाहीत. देवाला खोट्या भिंतीवर कसं बसवायचं? मग त्यांनी साधे घोडे, मोर आणि ताडाची झाडं काढून दिली, पिठोऱ्याची चौकट मात्र घातली नाही. डायरेक्टरला फरक कळला नाही. भाचीला कळला, आणि तिने ते तसंच राहू दिलं.

सहाचा कॉल होता. साठेक गावकरी लग्नाची गर्दी म्हणून आले होते, बायका स्वतःच्याच ठेवणीतल्या साड्यांत. त्यांना आणणारा माणूस ‘सप्लायर’, तो माणशी कमिशन घेतो. पैसे पॅकअपला रोख. एका मावशींनी मला सांगितलं की शेतावरच्या रोजापेक्षा थोडे जास्त मिळतात, जेवण मिळतं आणि बसायला मिळतं. “फक्त हसू नका म्हणतात, मग हसू येतं,” असं म्हणून त्या हसल्या.

जेवणाचं कंत्राट हालोलच्या एका बेनचं. औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांना त्या डबे पुरवायच्या. तिथला एक मोठा कारखाना बंद पडला तेव्हा डबे निम्म्यावर आले, त्याच सुमारास कुणीतरी शूटिंगच्या नाश्त्यासाठी त्यांचा नंबर दिला. आता डबे पुन्हा वाढलेत, पण शूटिंगचं काम त्यांनी सोडलेलं नाही. चार बायका, दोन मुलं आणि एक छोटा हत्ती, म्हणजे त्यांच्या मालकीचा टेम्पो. सकाळी गाठिया, पपईचा संभारो, तळलेल्या मिरच्या आणि आल्याचा चहा. “बेन, बीजी चा लो,” करत त्या मला दर अर्ध्या तासाने चहा देत होत्या. युनिटमध्ये माझं काय काम आहे हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.

नऊच्या सुमारास नवरदेवाची घोडी आली. तिचा मालक म्हातारा, हालोलचाच. लग्नाची घोडी आणि शूटिंगची घोडी यांतला फरक त्यांनी समजावला. लग्नाची घोडी बँडला, फटाक्यांना बुजत नाही, पण तिला पळायची सवय नसते. शूटिंगच्या घोडीला ‘फिर एकदा’ म्हटलं की पहिल्या जागी जाऊन उभं राहायला शिकवावं लागतं. त्यांच्या वडिलांकडे अकरा घोडे होते. आता ही एक.

अकरा वाजता आभाळ भरलं. जानेवारीत! आपल्याकडे अवकाळीला मावठा म्हणतात, तिकडे मावठुं, आणि सप्लायर ‘मावठुं, मावठुं’ म्हणत धावायला लागेपर्यंत थेंब पडायला लागलेसुद्धा. पुढची दहा मिनिटं बघण्यासारखी होती. लाइटवाली पोरं ताडपत्र्या घेऊन दिव्यांवर झेपावली, साऊंडवाल्याने स्वतःचं जाकीट माइकवर टाकलं, भाची आणि मी झोपाळ्यावर आडव्या पडून प्लास्टिक धरून बसलो. समोर भिंतीवरचे घोडे हळूहळू वितळून खाली यायला लागले. आधी पाय गेले, मग पोटं.

एक वाजता पॅकअप.

आता खरा प्रश्न आला, रोजाचा. साठ माणसं आलेली, काम झालं तास-दीड तासाचं. प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाला, उद्या या, उद्याचे पूर्ण देऊ. सप्लायर म्हणाला, आजचं काय? बराच वेळ घासाघीस होऊन अर्धा रोज आणि जेवण यावर तुटलं. मघाच्या मावशींनी नोटा मोजून कमरेला खोचल्या आणि ‘पावसाला आम्ही बोलावलं होतं का?’ अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटल्या. बेनचं मात्र नुकसान नव्हतं. त्यांचे पैसे ठरलेल्या ताटांवर असतात, जेवली किती माणसं यावर नाही. एकशेदहा ताटांचा उंधियू, बाजरीचे रोटले, कढी, गूळ. गर्दीने खाल्लं, आम्ही खाल्लं, तरी उरलं, ते रस्त्याने पावागडाला पायी चाललेल्या जथ्याला वाढलं. आणि चित्रकारकाकांना भाचीने तिथूनच फोन लावला की भिंत पुन्हा रंगवायची आहे. पावसाने साठ जणांचा अर्धा रोज नेला आणि एकाला दोन दिवसांचा दिला.

परतीला घोडीवाले काका टेम्पोत आमच्यासोबत हालोलपर्यंत आले (घोडी त्यांच्या नातवाबरोबर चालत). लकी स्टुडिओच्या रस्त्याला त्यांनी गाडी थांबवायला लावली. आत काही गेलो नाही. समोर चहा प्यालो, पाऊस थांबला होता. सत्तरच्या दशकात गुजरात सरकारने गुजरातमध्ये बनलेल्या चित्रपटांना करमणूक कर माफ केला, तेव्हा मुंबईत होणारी गुजराती शूटिंगं इकडे सरकली. बडोद्यात आणि हालोलमध्ये स्टुडिओ गजबजले. त्या काळचे सिनेमे संतांचे, बहारवटियांचे (बंडखोर दरोडेखोरांचे), लोककथांचे. म्हणजे घोडे आले, तलवारी आल्या, पागोटी आली. “पागोटं बांधणारे सहा जण होते या गावात,” काका म्हणाले. “फक्त पागोटं बांधायचे. दुसरं काही नाही.”

मग नव्वदीत ते सिनेमे आटले. २०१२-१५ च्या सुमारास गुजराती सिनेमाने कात टाकली, २०१६ मध्ये सरकारने दर्जा पाहून अनुदान द्यायचं धोरण आणलं, २०१९ मध्ये ‘हेल्लारो’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण नव्या सिनेमातली माणसं जीन्स घालून अमदावादच्या कॉफी शॉपमध्ये बसतात. त्यांना घोडा लागत नाही. चित्रपट वाढले म्हणून सगळ्यांचंच काम वाढतं असं नाही, गोष्ट कसली आहे त्यावर कुणाची चूल पेटणार ते ठरतं. हे मी म्हणतेय, काका नाही. काका फक्त म्हणाले, “हा डायरेक्टर चांगला पोरगा आहे. त्याने वरातीत घोडी ठेवली. गाडीसुद्धा ठेवता आली असती.”

दिवस चौथा: दुपारचा खेळ

सकाळ खरेदीत गेली. उत्तरायण आठवड्यावर आलेलं, गेंडीगेटच्या रस्त्यावर पतंगच पतंग आणि फुटपाथवर गुलाबी मांजा सुतवत बसलेली माणसं. या दिवसांत दुचाकीवर बसणार असाल तर गळ्याला मफलर हवाच, थंडीसाठी नव्हे, मांजासाठी. लीलो चिवडो आणि भाकरवडी घेतली. (आपली की त्यांची, या वादात मी पडत नाही. दोन्हीकडची खाते.)

दुपारी बहिणीला घेऊन गुजराती सिनेमा बघायला गेले. मल्टिप्लेक्समधला दुपारचा खेळ, तीस-पस्तीस माणसं. संध्याकाळचा खेळ हिंदीला दिलेला. हे दुखणं मराठीवाल्यांना नव्याने सांगायला नको. सिनेमा बरा होता. पण संपल्यावर बहीण उठेना. नावं सरकत होती आणि ती चष्मा लावून वाचत होती. मेकअप, ड्रेस, सेटिंग, केटरिंग, ट्रान्सपोर्ट. झाडणारा मुलगा आमच्या रांगेपाशी येऊन थांबला.

“एवढ्या भराभर कशाला सरकवतात?” ती म्हणाली. “त्या कपडेवाल्या काकांचं नाव कुणाला दिसणार?”

रात्रीच्या गाडीने निघाले. स्टेशनवर असतानाच भाचीचा मेसेज आला: ‘उद्या कॉल ६. आभाळ मोकळं. घोडी येतेय. बेनना ९० ताटं सांगितली.’

परत येऊन आता तीन आठवडे झालेत. परवा बहिणीचा फोन होता, झोपाळा आला म्हणून. पुसून, तेलपाणी करून, पेढ्यांच्या पुड्यासकट. फक्त साखळीतली एक पितळी कडी कमी आहे. भाची म्हणते, शेवटच्या दिवसाच्या फोटोत ती कडी दिसतेय, म्हणजे सेटवर होती. बहीण म्हणते, ते मला सांगू नकोस, अनामत घेतली होती का?